पहिली पाळी बहिरूची

सातपूर कॉलनी, नाशिक
शुक्रवार, दुपारचे साडेतीन (लता भिशीला गेली आहे, पाचपर्यंत वेळ आहे)

प्रिय धम्मपाल,

सप्रेम जय भीम. तुला, प्रतिभावहिनींना, आणि तुझ्या अंगणातल्या त्या लिंबाच्या झाडालाही, ज्याची लिंबं आम्ही चार वर्षं फक्त फोटोत बघतो आहोत. तुझा गुडघा काय म्हणतो? वहिनींची साखर आटोक्यात आहे ना, की अजून चहात नाही म्हणून बिस्किटात घेतात? इकडे आम्ही सगळे खुशाल. मी तर इतका खुशाल आहे की माझ्या खुशालीचा पुरावा रोजच्या रोज पुण्याला जातो, आणि तीच हकिकत सांगायला आज बसलो आहे.

फोन का नाही केलास, असं तू म्हणशील. फोन केला की लता शेजारी येऊन बसते, माझं बोलणं ऐकते आणि तुझं बोलणं स्वतःच रचते. व्हॉट्सॲपवर लिहावं, तर तुझ्या मोतीबिंदूपासून तुझे निरोप तुझी सून मोठ्याने वाचून दाखवते, म्हणजे माझी भानगड सिन्नरच्या अख्ख्या गल्लीला पाठ होणार. म्हणून हे पाकीट. आमच्या शेजारचा किशोर तिकडच्या एमआयडीसीत कामाला येतो, तो उद्या सकाळी ड्यूटीवर जाताना तुझ्या हातात देईल. भिंग घेऊन एकट्याने वाच. वहिनींनी विचारलंच तर पेन्शनचं काहीतरी आहे म्हणून सांग. (पेन्शन म्हटलं की त्या पुढचं ऐकत नाहीत, हे तूच मला सांगितलंस.)

तर आमची तेजल पुण्यात ज्या कंपनीत आहे तिथे अंगावर बांधायचे सेन्सर बनवतात, हे मी तुला अनेकदा सांगितलं आणि तू प्रत्येक वेळी ‘म्हणजे घड्याळच ना?’ असं विचारलंस. घड्याळ नाही रे. मऊ रबराचा राखाडी पट्टा, त्याला ना काच ना काटे. मनगटाला बांधायचा आणि विसरून जायचं. आत शर्टाच्या बटणाएवढा सेल, आणि तो म्हणे वर्षभर पुरतो, कारण पट्टा वीज फार जपून वापरतो. थोडीफार तर आपल्या अंगाच्या उबेतूनच काढून घेतो. नाडी, पावलं, झोप, सगळं पोटात साठवायचं आणि घरी आल्यावर टीव्हीशेजारच्या पांढऱ्या डबीला सांगायचं, मग डबी ते तेजलच्या फोनवर धाडणार. सारखं बोललं तर सेल उतरतो, म्हणून कमी बोलायचं आणि कामाचंच बोलायचं, अशी त्याची रीत. तेजलने हे समजावून दिल्यावर लता म्हणाली की ही सोय माणसांत बसवता येते का बघ. कोणाकडे बघून म्हणाली ते लिहीत नाही. (त्या डबीचंही एक आहे. स्वयंपाकघरातला प्लग जळाल्यापासून घरात धड एकच प्लग उरलाय. लताला चटणी वाटायची झाली की डबी निघते आणि मिक्सर लागतो, आणि परत डबी लावायची आठवण झाली तर झाली. डबी अधूनमधून गप्प बसते याची तेजललाही आता सवय झाली आहे.)

हा पट्टा माझ्या हाताला आला त्याचं कारण असं, की तेजलला आम्हा दोघांना पुण्याला न्यायचंय. वाकडला, तिच्या सोसायटीत, अकराव्या मजल्यावर. तिथे ज्येष्ठ नागरिकांचा हास्यक्लब आहे, सकाळी सव्वासहाला हसायचं असतं. मी पस्तीस वर्षं भोंग्यावर काढली, आता हसायला तरी भोंगा नको. शिवाय या कॉलनीतल्या प्रत्येक नळाला मी कधी ना कधी पाना लावलाय, इथली कुत्री मला नावानिशी ओळखतात. वाकडला मला लिफ्टमनसुद्धा ‘कोणाकडे जायचंय?’ असं विचारतो. बरीच घासाघीस होऊन शेवटी तह झाला. तीन महिने पट्टा बांधायचा. रोज आठ हजार पावलं पडली आणि नाडी नीट राहिली, तर पुण्याचा विषय कायमचा बंद. नाहीतर घराला कुलूप आणि आम्ही अकराव्या मजल्यावर. मी लगेच कबूल झालो. माझ्या तब्येतीबद्दल मला काडीची शंका नव्हती. प्रश्न फक्त पावलांचा होता.

आठ हजार पावलं म्हणजे काय असतं, ते गुडघा बरा झाला की बघ. पहिल्या दिवशी मी कॉलनीला तीन वेढे घातले, मारुतीच्या पारावर दोनदा बसलो, आणि पट्ट्याने मोजली बावीसशे. चौथ्या दिवशी तेजलचा फोन आला, ‘पप्पा, तुम्ही घरातच असता का?’ तेव्हा मला तू आठवलास.

मशीन शॉपच्या गेटवरचं ते पंचिंगचं यंत्र आठवतं ना? सकाळचा भोंगा व्हायचा तेव्हा मी नाशिकरोडच्या बसमध्ये लोंबकळत असायचो, आणि माझं कार्ड मात्र पाच मिनिटं आधीच पंच झालेलं असायचं. पहिला टक् तुझ्या कार्डाचा. दुसरा माझ्या कार्डाचा, तो वॉचमनला ऐकू जाऊ नये म्हणून तू नेमका तेव्हाच खोकायचास. (तुला दमा असल्याची नोंद कंपनीच्या दवाखान्यात अजूनही निघेल.) एकदा तर मी आपल्या सुपरवायझरसाहेबांच्याच मुलीच्या लग्नात जिलबी वाढत होतो, आणि तिकडे तुझ्या खोकल्याने मी ड्यूटीवर होतो. साहेबांनी दुसऱ्या दिवशी मस्टर बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि ज्याच्या हातची जिलबी आपण तीनदा घेतली त्याच्यावर मेमो कसा काढायचा, म्हणून गप्प बसले. यंत्राला कार्ड कळतं, माणूस कळत नाही, हे आपण दोघांनी तेव्हाच सिद्ध करून ठेवलं होतं. तेजल इंजिनिअर झाली, पण हा धडा काही तिच्या पुस्तकात नव्हता.

आमच्याकडे बहिरू नावाचा भाजीवाला येतो. मखमलाबादच्या बाजूला त्याचा छोटा मळा आहे, घरचीच मेथी, कोथिंबीर, कांद्याची पात. पन्नाशीचा आहे, काटक, सुतळीसारखा. माल टेम्पोने आणतो, आणि हातगाडी आमच्याच गेटाला साखळीने बांधलेली असते. सकाळी सातला गाडी सोडायची, श्रमिकनगर, अशोकनगर सगळं पायी पालथं घालायचं आणि बाराला गाडी परत आणून बांधायची, हा त्याचा नेम. मी त्याला बोलावलं आणि पाळ्या लावून दिल्या. सात ते बारा पहिली पाळी बहिरूची, बारानंतर दुसरी आणि तिसरी माझी. तो म्हणाला, यात मला काय मिळणार? मी म्हणालो, गेटाला गाडी बांधायची परवानगी. ती मी त्याला पाच वर्षांपूर्वीच दिलेली आहे हे त्याच्या ध्यानात आलं नाही, किंवा आलं असेल तरी बोलला नाही, कारण मनाने मोठा माणूस आहे.

पहिल्याच दिवशी सतरा हजार पावलं! तेजलने आईला फोन करून विचारलं की पप्पांना झालंय तरी काय. लताही माझ्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघायला लागली. (सातला ती पाणी भरण्यात असते, त्यामुळे गेटावरची देवघेव तिला कधी दिसली नाही.) मी दोन दिवस भाकरी एक जास्त खाल्ली, इतकं चालल्यासारखं वाटत होतं. किरकोळ अडचणी आल्या, नाही असं नाही. एकदा तेजलने विचारलं की साडेदहाला तुमचा ताण एवढा का वाढला होता, मम्मीशी भांडलात का? लता म्हणाली, मी तर तेव्हा दळणाला गेले होते. भांडण श्रमिकनगरात झालं होतं, कोथिंबिरीच्या जुडीवरून, आणि ते बहिरू जिंकला होता. दुसऱ्यांदा तर कहरच झाला. मेथी धुताना पट्ट्याखाली खाज येते म्हणून बहिरूने तो काढून गाडीच्या दांड्याला बांधला आणि सकाळभर तसाच फिरला. संध्याकाळी तेजलचा आवाज घाबराघुबरा. म्हणाली, ‘पप्पा, तुम्ही सकाळी चार किलोमीटर चाललात, पण तुम्हाला नाडी नव्हती.’ मी म्हणालो, विपश्यनेचा परिणाम असेल. तिने ते ऑफिसात विचारून बघते म्हटलं.

मधे एक दिवस बहिरूने दांडी मारली, तेव्हा पहिली पाळीही माझ्याच गळ्यात आली. मी म्हटलं, चला, एक दिवस खरी पावलं टाकू. सकाळीच त्रिरश्मी लेण्यांवर गेलो. त्या पायऱ्या आपण दोघांनी धावत चढलेल्या आहेत, तुझ्या लग्नाच्या आदल्या वर्षी, आठवतं? या वेळी निम्म्यावर वारा इतका छान सुटला होता की मी मुद्दाम जरा टेकलो. पंधरा-वीस मिनिटं बसलो असेन. कुठल्याशा शाळेच्या बाईंनी न मागता स्वतःच्या बाटलीतलं पाणी दिलं आणि आपल्या ओढणीने वाराही घातला. लेण्यांवर माणसं फार चांगली भेटतात. वरपर्यंत गेलो नाही, कारण वर काय आहे ते मला माहीतच आहे.

आता मुख्य हकिकत. परवा बुधवारी बाराला बहिरूने नेहमीसारखा पट्टा परत दिला, मी तो मनगटाला बांधला आणि जेवायला बसलो. पिठल्याचा पहिला घास तोंडात, तोच लताच्या फोनवर तेजल. पप्पांना आडवं करा, हालचाल करू देऊ नका, पट्ट्याने लाल निशाण दाखवलंय, नाडी भरधाव पळत होती आणि मधले ठोके गाळत होती. लताने माझ्या हातातलं ताट काढून घेतलं (पिठलं गरम होतं, धम्मा), शेजारून रिक्षा आणवली आणि अर्ध्या तासात मी कोपऱ्यावरच्या दवाखान्यात छातीला तारा लावून पडलो होतो. ईसीजीचा कागद अगदी सुरळीत आला. मी उठून डॉक्टरांशी हात मिळवला. लताने पदराने डोळे पुसले आणि मग मला रागावली. तेजलने येत्या रविवारी यायचं ठरवलं.

संध्याकाळी तेच पिठलं पुन्हा पुढ्यात आलं, पण घास उतरेना. कारण कागद माझा होता आणि नाडी बहिरूची. ही गोष्ट सगळ्या जगात फक्त मला माहीत होती. सगळे माझ्या हृदयाभोवती जमले आणि ज्याचं हृदय बिघडलंय तो तिकडे मळ्यात पाठीवर कॅन घेऊन फवारणी करत असणार. त्याला दोन मुली, धाकटी अजून नर्सिंगला आहे. कंपनीत माझं कार्ड तू पंच केलंस तर पगार मला मिळायचा, त्यात कोणाचं नुकसान झालं नाही. (कंपनीचं झालं असेल, ती तरी कुठे टिकली.) पण इथे दुखणं एकाचं आणि औषध दुसऱ्याला, असला घोळ मी करून ठेवला होता. खरं सांगतो, मी घाबरलो. बहिरूला काही झालं तर त्याच्या मुलींना मी काय तोंड दाखवणार होतो?

काल सकाळी सातला मी गेटात उभा. म्हटलं, बहिरू, गाडी राहू दे, आधी दवाखान्यात चल. त्याने माझ्याकडे मी उन्हात बसून आलोय असं बघितलं. म्हणाला, ‘भाऊ, माझं काळीज लय चांगलं हाय. मेथीचं नाय, ती दुपारपत्तुर मरती.’ मेथी संपल्याशिवाय तो हलणार नाही हे मला कळलं, मग ती लवकर संपवायला मीही गाडीला हात लावला. त्याला दमायला नको म्हणून चढावर मी पुढून ओढायचो आणि आरोळ्याही मीच द्यायचो. बायका खिडकीतून बघायच्या आणि आत जाऊन नवऱ्याला सांगायच्या की बघा, पेन्शन पुरत नाही वाटतं. अकराला गाडी रिकामी झाली. द्वारका चौकाजवळच्या मोठ्या दवाखान्यात गेलो तर लिफ्ट बंद, हृदयाचे डॉक्टर तिसऱ्या मजल्यावर. बहिरू ज्या वेगाने जिना चढला तो बघून मला धडकी भरली. मी खालून त्याला सावकाश, सावकाश म्हणत होतो. मी स्वतः प्रत्येक मजल्यावरच्या पाट्या वाचत गेलो, कारण दवाखान्यात माहिती असलेली बरी.

डॉक्टरबाई तरुण आहेत, बोलायला खणखणीत. त्यांना मी पाळ्यांसकट सगळं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि थोडा वेळ खिडकीबाहेर बघितलं. मग बहिरूच्या सगळ्या तपासण्या झाल्या, ट्रेडमिलच्या पळत्या पट्ट्यावरसुद्धा चालवला, आणि त्यावर तो असा चालला की जणू पुढे गिऱ्हाईक उभं आहे. निकाल काय लागला, तर काहीही दोष नाही. विशीतल्या पोराला हेवा वाटावा असं हृदय आहे म्हणाल्या. बहिरू सदरा घालत म्हणाला, ‘म्या सकाळीच सांगितलं व्हतं,’ आणि अर्धा दिवस फुकट गेल्याबद्दल घरी येईपर्यंत माझ्याशी बोलला नाही.

तर सारांश असा. माझा कागद सुरळीत, बहिरूचं हृदय ठणठणीत, आणि पुण्याचा विषय मी रविवारी तेजलसमोर निकालात काढणार. वहिनींना जय भीम सांग. गुडघ्याला एरंडेल लाव, लाजू नकोस.

तुझा,
सहादू

ता.क. येताना लिंबं आण. फोटो नको.

ता.क. दुसरा. येताना असं वर लिहून गेलो, म्हणजे तुला बोलावतो आहे हे आता उघड झालं. वर लिहिलंय ते सगळं खरं आहे, एक गोष्ट राहिली. बहिरूच्या तपासण्या झाल्यावर डॉक्टरबाईंनी माझ्या फोनवर तेजलने पाठवलेलं ते लाल निशाण उघडलं. तिच्या घाईत कोणी नीट वाचलंच नव्हतं, पण त्यावर वार आणि वेळ होती. मंगळवार, सकाळी पावणेदहा. बहिरू म्हणाला, ‘भाऊ, मंगळवारी मी दिंडोरीला साखरपुड्याला व्हतो. पट्टा तुमच्याच हाताला व्हता.’ लताने सोमवारी चटणीसाठी डबी काढली ती बुधवारी दुपारी परत लावली, आणि तोवर मंगळवारची बातमी पट्ट्याच्या पोटात पडून होती. मंगळवारी पावणेदहाला मी लेण्यांच्या पायऱ्यांवर होतो, निम्म्यावर. वारा छान सुटला होता असं मी लिहिलंय. वारा नव्हता.

मग त्यांनी बहिरूला खुर्चीत बसवलं आणि मला पळत्या पट्ट्यावर चढवलं. चौथ्या मिनिटाला थांबवलं. साधा कागद सुरळीत येतो आणि दुखणं चालताना बाहेर पडतं, असं असतं म्हणे. सोमवारी अँजिओग्राफी करायची आहे, नळी चोंदलेली निघाली तर लगेच पुढचंही करून टाकणार आहेत. बहिरू घरी येईपर्यंत माझ्याशी बोलला नाही ते अर्ध्या दिवसापायी नव्हे. रिक्षात त्याने सगळा वेळ माझं मनगट धरून ठेवलं होतं, आणि संध्याकाळी गेटाला गाडी बांधताना त्याने मला शपथ घातली की घरात सांगा. लताला अजून माहीत नाही. तेजललाही नाही.

ता.क. तिसरा आणि शेवटचा, लता गल्लीच्या तोंडाशी दिसते आहे. तेजल रविवारी दहाला पोचते. तू नऊला ये. मी सगळं सांगणार आहे, बहिरूच्या पाळीसकट. तू फक्त शेजारी बस, तू असलास की लता निम्म्या आवाजात रागावते. पुण्याला जावं लागलं तर जाईन, हसेनही सव्वासहाला. आणि सोमवारी सकाळी सातला माझ्याबरोबर दवाखान्यात चल. माझ्याऐवजी दुसरं कोणी चालेल का, हे मी डॉक्टरबाईंना गमतीत विचारून बघितलं, त्या हसल्या नाहीत. हे कार्ड तुला पंच करता येणार नाही, धम्मा. आत मलाच जावं लागणार. तू दारापाशी उभा राहा, आणि मला आत नेतील तेव्हा ऐकू येईल असा एकदा खोक.